किराणा कुठल्या गावचा?

नवापूरच्या रेल्वे स्थानकावर एक बाकडे आहे. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला आता त्याचे नवल वाटत नाही. बाहेरचा पाहुणा मात्र त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना बसून फोटो काढून घेतो. रमजानच्या दिवसांत संध्याकाळची एखादी गाडी तिथे थांबते, तेव्हा डब्यातले रोजेदार घड्याळाकडे पाहत असतात. सुरतेहून निघालेल्याला सुरतेच्या वेळेवर रोजा सोडता येत नाही आणि भुसावळला जाणाऱ्याला भुसावळची वेळ चालत नाही. नियम सरळ आहे. आपण या घडीला जिथे आहोत, तिथला सूर्य मावळला की रोजा सोडायचा. कुठून निघालो आणि कुठे जाणार, हे सूर्यास्ताला विचारायचे नसते.

हा नियम मनात आला की मला एका गवयाची आठवण होते. त्यांचा शेवटही एका रेल्वे स्थानकावर झाला. घरापासून शेकडो मैल दूर, अनोळखी मुलखात, आणि रमजान तोंडावर आलेला असताना. उस्ताद अब्दुल करीम खाँ हे त्यांचे नाव. शास्त्रीय गाणे ऐकणाऱ्यांना ते सांगावे लागत नाही. बाकीच्यांनी त्यांच्या घराण्याचे नाव तरी ऐकलेले असते, आणि ते ऐकून अनेकांची गंमतही होते. किराणा घराणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आधी वाण्याचे दुकान येते. पण हा किराणा म्हणजे तेल-मीठ नव्हे. ते एका गावाचे नाव आहे. यमुनेच्या काठचे कैराना.

तुम्ही मूळचे कुठले, हा प्रश्न आपल्याकडे ओळख वाढवण्यासाठी विचारतात. बहुतेक वेळा त्यात वाकडे काही नसते. नंदुरबार, असे उत्तर दिले की विषय संपायला हवा. पण काही जणांच्या बाबतीत तो तिथे संपत नाही. त्याआधीचे गाव विचारले जाते, मग त्याच्याही आधीचे. तेव्हा प्रश्नाचा सूर बदललेला असतो. आपला जिल्हा हा प्रश्न अनेक अंगांनी जगतो. धडगाव-अक्कलकुव्याकडची कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. तिथल्या फडात ती नंदुरबारची असतात आणि परत आल्यावर गावच्या कित्येक कामांत गैरहजर. सरदार सरोवरात ज्यांची गावे बुडाली ती नर्मदाकाठची माणसे तळोद्याकडच्या वसाहतींत पिढी घालवूनही पुनर्वसितच म्हणवली जातात. फाळणीनंतर सिंधमधून खानदेशात आलेल्यांच्या नातवंडांना अजून तो प्रांत चिकटलेला आहे. आणि माझ्यासारख्या नावाच्या माणसाला तर हा प्रश्न केव्हाही येऊ शकतो. म्हणून आज अब्दुल करीम खाँसाहेबांची गोष्ट सांगावीशी वाटते. त्यांचे आयुष्य म्हणजे या प्रश्नाचे एक उत्तर आहे, जरी त्यांनी ते कधी शब्दांत दिले नाही.

रमजानच्या पानावर गाण्याची गोष्ट कशाला, असेही काहींना वाटेल. संगीताविषयी मुस्लिम समाजात मतभेद जुने आहेत. त्यांचा निवाडा करण्याइतके माझे ज्ञान नाही. पण चिश्ती सूफींच्या दारात गाणे इबादतीसारखे झाले, हा आपल्या देशाचा इतिहास आहे, आणि खाँसाहेब त्याच वाटेचे होते. नमाज आणि रियाज या दोन गोष्टींनी त्यांचा दिवस बांधलेला असे.

त्यांचा जन्म 1872 सालचा. कैराना तेव्हा मुजफ्फरनगर जिल्ह्यात होते; आज ते उत्तर प्रदेशातल्या शामली जिल्ह्यात येते. तिथून नदी ओलांडली की पानिपत. मराठी माणसाला पानिपत पाठ असते, पण शेजारचे हे गाव त्याच्या लक्षात राहण्याचे कारण नव्हते. घरात गाणे-वाजवणे पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे मुलाचे शिक्षण झाले. सारंगी आणि वीणा यांवर हात बसला, मग गळ्याने बाकी सगळे मागे टाकले. भाऊ अब्दुल हक यांच्याबरोबर जोडीने गात ते तरुणपणी घराबाहेर पडले. कलावंताला तेव्हा राजाश्रयाशिवाय पोट भरणे अवघड होते. एका संस्थानातून दुसऱ्या संस्थानात, एका दरबारातून दुसऱ्या दरबारात, असे करत दोघे भाऊ बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या दरबारी आले.

बडोद्यात मान मिळाला आणि तिथेच आयुष्याला वळणही लागले. राजघराण्याशी नाते असलेल्या सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकत होती. गुरू-शिष्येचे नाते पुढे वेगळे झाले आणि दोघांनी एकत्र राहायचे ठरवले. धर्म वेगळा, दर्जा वेगळा, आणि मुलगी सरदाराची. बडोद्यात राहणे शक्य नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोघांनी ते शहर सोडले आणि मुंबई गाठली. कैराना त्यांनी पोटासाठी सोडले होते. बडोदे मात्र सोडावेच लागले. पहिल्या वेळी ते स्थलांतरित होते. दुसऱ्या वेळी जवळजवळ निर्वासित.

पुढे ते मिरजेला आले. का आले, याची एक कथा मिरजेत सांगतात. खाँसाहेब आजारी पडले, जगण्याची आशा राहिली नाही, तेव्हा त्यांनी ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन गाण्याची सेवा केली आणि त्यांना गुण आला. श्रद्धेच्या गोष्टीला पुरावा मागू नये. पण मिरज निवडण्यामागे व्यवहारही असणार. मुंबईहून धारवाड, हुबळी, म्हैसूरकडे जाणाऱ्या गाड्या मिरजेवरून जात. उत्तरेचा गवई दक्षिणेत गाऊन परतायचा तर हे जंक्शन मधोमध पडे.

त्या काळची मिरज डोळ्यांपुढे आणा. राज्य पटवर्धनांचे, म्हणजे चित्पावन ब्राह्मण संस्थानिकांचे. गावाचे दैवत म्हणावे असा दर्गा एका सूफीचा, आणि त्याच्या उरुसात पहिल्या गलेफाचा मान चर्मकार समाजाचा. रुग्णालय अमेरिकेहून आलेल्या डॉक्टर वॉन्लेस यांनी उभारलेले. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे शिकवून गेलेले, विष्णु दिगंबर पलुस्कर इथेच शिकून बाहेर पडलेले. आणि दर्ग्याच्या परिसरात सतारमेकरांची आळी. हे मुळात शिकलगार, तलवारी आणि भाले घडवणारे. लढाया थांबल्या, हत्यारांना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी हात सतारी-तंबोऱ्यांकडे वळवला. पंढरपूरकडचा भोपळा आणायचा, तो वाळवायचा, त्याला लाकडाची दांडी जोडायची, तारेखाली जवारी लावायची. खाँसाहेबांना स्वतःला वाद्य दुरुस्त करण्याचा नाद होता. तंबोरा सुरात लागेपर्यंत ते गायला बसत नसत आणि तो नीट बोलत नसेल तर स्वतः हत्यारे घेऊन जवारी घासत. शिकलगारांची आळी आणि कैरान्याचा गवई यांचे जुळले नसते तरच नवल.

हिजरी सन कुठून सुरू होतो, हे या महिन्यात पुन्हा पुन्हा सांगण्यासारखे आहे. तो पैगंबरांच्या जन्मापासून मोजत नाहीत. विजयापासूनही नाही. इसवी सन 622 मध्ये पैगंबर मक्का सोडून मदिनेला गेले, त्या स्थलांतरापासून आपली वर्षे मोजली जातात. रमजानचा चंद्र आपण शोधतो तेही त्याच पंचांगात. मदिनेत पोचल्यावर पैगंबरांनी पहिल्या काही कामांत एक काम केले. मक्केहून आलेल्या प्रत्येक मुहाजिराला मदिनेच्या एकेका अन्सारशी भाऊ म्हणून जोडून दिले. अन्सार म्हणजे मदत करणारे, म्हणजे गावचे मूळ रहिवासी. त्या रहिवाशांनी घर आणि कमाई वाटून घेतली. आलेल्यांनीही फुकट खाल्ले नाही. काही जण दुसऱ्याच दिवशी बाजाराची वाट विचारून धंद्याला लागले. इस्लामच्या इतिहासातले पहिले नगर असे दोन हातांनी उभे राहिले, एक देणारा आणि एक कष्ट करणारा. मिरजेत हेच घडले, असे म्हणणे फार मोठे होईल. पण त्याची छोटी आवृत्ती तिथे घडली, हे नक्की.

मिरजेने खाँसाहेबांना जागा दिली. त्यांनी काय दिले? पहिली गोष्ट, त्यांचा कान. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल भारतीय संगीतातल्या बावीस श्रुतींचा शास्त्रीय अभ्यास करत होते. तारेची लांबी मोजून स्वरांचे गणित मांडता येते, पण ते खऱ्या गाण्यात उतरते का, हे कोण सांगणार? त्या कामी खाँसाहेबांचा गळा उपयोगी पडला. देवलांचे पुस्तक 1910 मध्ये निघाले. पुढे साताऱ्याकडचे न्यायाधीश क्लेमंट्स हेही या कामात आले. एक ब्राह्मण अधिकारी, एक इंग्रज न्यायाधीश आणि कैरान्याचा उस्ताद एका तारेवर कान लावून बसले आहेत, असे ते चित्र. ज्या काळात मोठे उस्ताद विद्या लपवून ठेवत, त्या काळात आपला गळा मोजमापासाठी पुढे करणे ही साधी गोष्ट नव्हती.

दुसरी गोष्ट, शाळा. 1913 मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केले. नाव लक्षात घ्या. मुसलमान उस्तादाने आपल्या शाळेला हे नाव दिले आणि कोणाला त्यात वावगे वाटले नाही. विद्यार्थी गुरूच्या घरीच राहत, तिथेच जेवत. बहुतेक मुले गरीब आणि बहुतेक हिंदू. मुलांच्या पोटाचा आणि शिक्षणाचा खर्च खाँसाहेब मैफलींतून उभा करत. तिकीट लावून जाहीर जलसे करण्याची पद्धत त्यांनी याच गरजेतून वाढवली. दरबारी गाणे असे बाजारपेठेत आले. ज्याच्या खिशात तिकिटाचे पैसे, तो राजाच्या रांगेत. लोकांना खेचण्यासाठी त्यांनी टिपू नावाच्या आपल्या कुत्र्यालाही सूर लावायला शिकवले होते. त्या प्रयोगाची गंमत जुन्या पुण्यात बरीच वर्षे चालली.

तिसरी गोष्ट, शिष्य. धारवाडकडच्या कुंदगोळचा रामभाऊ हा मुलगा त्यांच्याकडे आला. कन्नड मुलखातला, मराठी-कानडी बोलणारा ब्राह्मण. गुरूने त्याच्याकडून वर्षानुवर्षे एकेक राग घोटून घेतला. पुढे तो मराठी रंगभूमीवर गेला. गुरूला ते फारसे रुचले नव्हते, असे सांगतात; तंबोऱ्यावर तयार केलेला गळा नाटकात झिजेल, ही भीती. पण त्याच रंगभूमीने रामभाऊ कुंदगोळकरांना सवाई गंधर्व केले. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, बेहेरेबुवा, रोशनआरा बेगम अशी शिष्यांची नावे घेत गेले तर भाषा, जात आणि धर्म दर नावाला बदलतात. बदलत नाही ती गायकी. एकेक स्वर सावकाश उघडत जायचा, घाई करायची नाही, सुराशी खोटे बोलायचे नाही. मोठ्या ताकदीचा आवाज खाँसाहेबांना नव्हता. बारीक, टोकदार, काहीसा आर्त असा तो आवाज. त्यांनी त्या कमतरतेचीच रीत केली.

घेण्यातही ते मागे नव्हते. मराठी नाट्यपदांनी महाराष्ट्र वेडा झाला होता, तेव्हा उत्तरेच्या कित्येक उस्तादांनी नाके मुरडली. खाँसाहेबांनी ती पदे शिकून मैफलीत गायली आणि ध्वनिमुद्रिकांवरही घेतली. मानापमान नाटकातले देवगांधारातले पद त्यांच्या आवाजात आजही ऐकायला मिळते. उच्चारात कैराना डोकावतो. भाव मात्र थेट इथल्या मातीतला. म्हैसूर दरबारात त्यांना संगीतरत्न हा किताब मिळाला. तिकडे गेल्यावर त्यांनी कर्नाटक पद्धतीचे गाणे मनापासून ऐकले, त्यातली सरगमची रीत आपल्या ख्यालात आणली आणि त्यागराजांची कृतीही गायली. ज्या गावात गेले, तिथला सूर्य त्यांनी आपला मानला.

ही गोष्ट इथेच थांबवली तर फार गोड होईल, आणि खोटीही. त्यांच्या स्वतःच्या घरात काय झाले, तेही सांगायला हवे. ताराबाई आणि खाँसाहेबांना पाच मुले झाली. थोरला मुलगा 1902 चा, मुलगी चंपाकली 1905 ची, धाकटी सकीना 1913 ची. मुले सुरांत वाढली. पण संसारात तडे गेले आणि 1922 मध्ये ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. कोणाचे किती चुकले, हे आज आपण ठरवू नये. वेगळे होताना मुलांची नावेही वेगळी झाली. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने म्हणून ओळखले जाऊ लागले. चंपाकली हिराबाई झाली, गुलाब कमलाबाई, सकीना सरस्वती. आडनाव कुठले लावायचे? बापाचे नाव मागे पडले. आईच्या माहेरचे माने हे नाव मुलाने घेतले. हिराबाईंनी बडोदेकर हे नाव घेतले. ज्या बडोद्याने त्यांच्या आईबापांना ठेवून घेतले नाही, त्याचेच नाव लेकीने जन्मभर मिरवले.

मराठीतला हा कर मोठा विलक्षण आहे. आपण गावाचे नाव घेतो, त्याला कर जोडतो आणि माणूस त्या गावाचा होतो. सहसा कोणी कागद मागत नाही. कुंदगोळकर झाले, बडोदेकर झाले. खाँसाहेबांच्या उत्तरायुष्यातल्या सहचारिणी आणि शिष्या बानूबाई लत्कर यादेखील सरस्वतीबाई मिरजकर म्हणून गाजल्या. खाँसाहेबांना मात्र कोणी मिरजकर म्हटले नाही. पस्तीस-चाळीस वर्षे मिरजेचा आधार धरलेला हा माणूस नावाने खाँसाहेबच राहिला. आपलेपणाला कुठे दार होते आणि कुठे भिंत होती, हे त्यावरून कळते. मुलांना बापाची गायकी घेता आली, नाव घेणे जमले नाही. तेव्हाच्या समाजात मंचावर उभे राहायचे तर काही ओझी उतरवावी लागत होती, एवढेच मी म्हणेन.

तरी त्या मुलांनी काय केले पाहा. हिराबाईंनी तिकिटाच्या जाहीर मैफलीत सन्मानाने बसून गाण्याचा पायंडा पाडला. त्याआधी मैफलीत गाणाऱ्या बाईकडे प्रतिष्ठित समाज वेगळ्या नजरेने पाहत असे. त्यांच्यानंतर घरोघरच्या मुली तंबोरा घेऊन बसल्या. 1970 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. सरस्वतीबाई राणे चित्रपटांत आणि मैफलींत गाजल्या. सुरेशबाबूंनी स्वतःच्या कीर्तीची फिकीर न करता शिष्य घडवले. प्रभा अत्रे त्यांच्याकडेच शिकल्या. बापाची शिकवणूक नावाशिवायही पुढे गेली.

खाँसाहेबांच्या शेवटच्या वर्षांत त्यांच्या गाण्याच्या तबकड्या घरोघर पोचल्या. गदगचा एक शाळकरी मुलगा दुकानासमोर उभा राहून त्यांची झिंझोटीतली ठुमरी ऐके. आपल्यालाही असे गाता यावे म्हणून तो गुरूच्या शोधात घरातून पळाला, बिनतिकिटाचा गाड्यांतून फिरला, आणि शेवटी कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या दारात जाऊन पोचला. ते भीमसेन जोशी. ही हकीकत ते स्वतः सांगत असत. या मुलाला पुढे भारतरत्न मिळाले. गदग, कुंदगोळ, मिरज, कैराना अशी ही साखळी एका तबकडीने जोडली.

1937 च्या ऑक्टोबरात खाँसाहेब मद्रासकडे गेले होते. तिथल्या मैफली आटोपून त्यांना पाँडिचेरीला जायचे होते. ते गाव तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात. त्यांच्या प्रवासातल्या सत्ता मोजून पाहा. जन्म इंग्रजी अंमलात, नोकरी गायकवाडांच्या राज्यात, घर पटवर्धनांच्या संस्थानात, किताब म्हैसूरच्या वडियारांचा आणि शेवटची वाट फ्रेंच वसाहतीची. आजच्या अर्थाने नागरिकत्व तेव्हा कोणालाच नव्हते. माणसे कोणाची तरी प्रजा असत. खाँसाहेब यांतल्या कोणत्या सत्तेची प्रजा होते, हा प्रश्न त्यांचे गाणे ऐकणाऱ्याला पडत नसे.

गाडीत त्यांच्या छातीत दुखू लागले. चेंगलपट्टूजवळच्या सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्थानकावर ते शिष्यांसह उतरले. कोईल म्हणजे देऊळ. नरसिंहाच्या मंदिरावरून त्या गावाचे नाव पडलेले. रात्रीची वेळ. फलाटावर अंथरूण घातले. थोडा आराम पडला तसे त्यांनी नमाज पढली. मग तंबोरा लावायला सांगितला आणि दरबारी रागात अल्लाहचे स्मरण करत ते गाऊ लागले. गाता गाता आवाज थांबला. तारीख होती 27 ऑक्टोबर 1937. शाबान महिन्याचा शेवटचा आठवडा सुरू होत होता. रमजानचा चंद्र दिसायला जेमतेम आठ-नऊ दिवस उरले होते.

मृतदेह कुठे न्यायचा? कैराना जन्मगाव. पण शिष्यांच्या मनात एकच नाव होते. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केले गेले. ज्या मीरासाहेबांपुढे ते दर उरुसाला गात, त्यांच्याच सावलीत. माणूस शेवटी कुठला, याचे उत्तर कधी कधी त्याला खांदा देणारे लोक ठरवतात.

दहा वर्षांनी देश स्वतंत्र झाला आणि तुटलाही. रोशनआरा बेगम 1948 मध्ये पाकिस्तानात गेल्या आणि पंजाबातल्या लालामुसा या गावी राहिल्या. किराण्याचा सूर नव्या सरहद्दीपलीकडे गेला. इकडे सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ 1953 पासून पुण्यात महोत्सव भरू लागला. तो भरवणाऱ्या संस्थेचे नाव आर्य संगीत प्रसारक मंडळ. कैरान्याच्या उस्तादाने शाळेसाठी निवडलेले शब्द पुण्यात असे अजून ऐकू येतात. कपिलेश्वरीबुवांनी गुरूचे विस्तृत चरित्र लिहिले आणि ते 1972 मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, प्रसिद्ध झाले. ते मराठीत आहे. उत्तरेतल्या मुसलमान गवयाचे आयुष्य नीट जाणून घ्यायचे असेल, तर आजही अभ्यासकाला मराठी वाचावे लागते.

आणि कैराना? त्या गावाच्या नावाने ओळखली जाणारी गायकी आज मिरज, पुणे, धारवाड, हुबळीत अधिक ऐकू येते. गाव सोडून गेलेल्या माणसाने गावाचे नाव जगभर नेले, आणि ज्या गावाने त्याला ठेवून घेतले त्याचेही नाव मोठे केले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही वाद्ये इथलीच, अशी सरकारी मोहोर त्यावर उमटली. पण त्या इथलेपणात काय काय आहे ते पाहा. भोपळा भीमाकाठचा, हात शिकलगारांचे, आणि त्या तंबोऱ्याला बोलायला लावणारे कान उत्तरेहून आलेले. इथले म्हणून जे आपण अभिमानाने दाखवतो, त्यात आलेल्यांचा वाटा वेगळा काढता येत नाही.

दर वर्षी उरुसात दर्ग्याच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाण्याच्या बैठका होतात. देशभरचे गायक-वादक सेवा म्हणून येतात. श्रोत्यांत टोपीवाले असतात, टिळेवाले असतात, लेकरे मांडीवर घेऊन बसलेल्या बायाबापड्या असतात. शेजारी बसलेला माणूस मूळचा कुठला, हे तिथे कोणी विचारत नाही. विचारलेच तर पुढच्या माणसाकडून गप्प बसण्याची खूण होते, कारण तंबोरा लागत असतो.

आज संध्याकाळी नवापूरच्या फलाटावर पुन्हा कोणीतरी रोजा सोडेल. पिशवीतली खजूर शेजारच्या अनोळखी प्रवाशापुढे धरली जाईल. तो ऊसतोडीहून परतणारा असेल, सुरतेच्या कापडाच्या गिरणीतला असेल, किंवा मुलीला भेटायला निघालेली एखादी आजी असेल. बाकड्याच्या कोणत्या बाजूला कोण बसले आहे, हे पाहायला त्या घाईत कोणाला सवड नसते. सूर्य दोन्ही बाजूंना एकदमच मावळतो.